'कुठून' नावाचा रकाना

आमच्या घरी हळद पावडरीच्या विक्रीची एक जाड वही आहे. तिच्यात नाव, गाव, वजन आणि रक्कम या नेहमीच्या रकान्यांनंतर, पानाच्या अगदी कडेला, 'कुठून' असा एक अरुंद रकाना मी २०२१ साली पट्टीने आखून घेतला. नव्या ग्राहकाचे पैसे जमा झाले की मी त्याला एवढेच विचारते, की आमचे नाव तुम्हाला कुठे कळले. आणि जे उत्तर मिळेल ते, मग ते 'फेसबुक' असो, 'इन्स्टा' असो, 'नणंदेकडून' असो की 'आता आठवत नाही' असो, जसेच्या तसे त्या रकान्यात उतरवते. समाजमाध्यमांवर आमच्या छोट्या व्यवसायाला आज साधारण चौदा हजार फॉलोअर आहेत, पण ते कोण आहेत आणि त्यांचा आमच्या पिशव्यांशी नेमका काय संबंध आहे, हे मला मोबाईलच्या पडद्यापेक्षा या रकान्याने जास्त सांगितले.

वसमत तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन आहे आणि त्यातल्या दोन एकरांवर दरवर्षी हळद असते. मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर लावलेले बेणे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते, मग गड्डे आणि हळकुंडे मोडून वेगळी करायची, कुकरमध्ये शिजवायची, बारा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ड्रममध्ये पॉलिश करायची आणि पोती भरून हिंगोलीच्या बाजारात न्यायची, हा पिढीजात क्रम. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून साधारण वीस किलो हळद होते, आणि त्या वीस किलोंचा भाव सौदा सुरू झाल्यावर पाच मिनिटांत ठरतो. आपल्या हळदीचा थोडा तरी भाग आपणच दळून विकावा, हा विचार घरात बरीच वर्षे होता. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगाच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के अनुदान मिळते हे कळल्यावर बचत गटातल्या आम्ही तिघींनी धीर केला, दळण्याचे यंत्र आणले, अन्न सुरक्षेची नोंदणी करून चौदा अंकी क्रमांक घेतला आणि पिशव्या छापल्या. विकायच्या कोणाला, हा प्रश्न मात्र पिशव्या छापून झाल्यावरच आमच्यापुढे उभा राहिला, कारण आमच्या गावात हळद विकत घेणारे घर शोधून सापडत नाही.

मोबाईलवरून विक्री करण्याची कल्पना माझ्या पुतण्याची. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा त्याचे कित्येक महिन्यांचे काम एका रात्रीत नाहीसे झाले होते, त्यामुळे त्याने पहिल्याच दिवशी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली, की काकू, एकाच ठिकाणी सगळे ठेवायचे नाही, फेसबुकवर पान काढू, इन्स्टाग्रामवर काढू, आणि ज्याने एकदा विकत घेतले त्याचा नंबर आपल्या वहीत असलाच पाहिजे. त्या वेळी मला हे अती सावधपणाचे वाटले होते.

पहिले सहा महिने आम्ही जे केले ते सगळेच करतात. पिशवीचा फोटो टाकायचा, वर 'शुद्ध, घरगुती, नैसर्गिक' असे लिहायचे, खाली भाव आणि फोन नंबर. पाहणारे कोण, तर आमचेच पाहुणे. माझ्या माहेरच्या एका चुलत्यांनी प्रत्येक फोटोला न चुकता हात जोडल्याचे चिन्ह टाकले, पण त्यांच्याकडून एक पावशेरही हळद गेली नाही, आणि जायला नकोच होती, कारण त्यांची स्वतःची तीन एकर हळद आहे. त्या सहा महिन्यांत 'कुठून' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'ओळखीने' हाच शब्द आहे.

त्यानंतर आम्ही एका मोठ्या शहरातील जाहिरात संस्थेला काम दिले. तीन महिन्यांचे बारा हजार रुपये, आठवड्याला तीन पोस्ट आणि फॉलोअर वाढवून देण्याची हमी, असे ठरले. पोस्ट वेळेवर येत, त्या देखण्याही असत. परंतु त्या कुणाच्याही असू शकल्या असत्या. सोमवारी सुविचार, सणाला शुभेच्छा, कोपऱ्यात आमचे चिन्ह. एके दिवशी त्यांनी 'शेतातून थेट तुमच्या स्वयंपाकघरात' या ओळीखाली मातीतून नुकत्याच काढलेल्या कंदांचा एक सुंदर फोटो टाकला. संध्याकाळी सातारा जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची प्रतिक्रिया आली, 'ताई, हे आले आहे.' त्याच आठवड्यात साताऱ्याकडे एक पार्सल गेले होते, तेव्हा मी उत्साहाने उत्तर दिले, 'धन्यवाद दादा, वापरून कळवा.' त्यावर त्या गृहस्थांनी पुन्हा लिहिले, 'ताई, आले म्हणजे अद्रक. फोटो हळदीचा नाही.' हळद पिकवणाऱ्यांच्या पानावर अद्रकाचा फोटो चार तास मिरवत होता आणि तो माझ्याही ध्यानात आला नव्हता, कारण बारा हजार दिल्यापासून मी स्वतःचे पान लक्ष देऊन बघणेच सोडून दिले होते. तीन महिने संपले, करार आम्ही पुढे वाढवला नाही.

याच काळात पुतण्याने मला न विचारता सातशे रुपयांत दोन हजार फॉलोअर विकत घेतले. एका रात्रीत आकडा फुगला आणि मी खरोखर खूश झाले. सकाळी नावे वाचू लागले तर एकही मराठी नाव नाही, अर्ध्या खात्यांना चेहरा नाही, काहींची अक्षरे कोणत्या लिपीतली तेही कळेना. पुढच्या महिन्यात आमच्या पोस्ट आधीपेक्षाही कमी लोकांपर्यंत पोहोचू लागल्या. असे का होते याबद्दल जाणकार वेगवेगळे सांगतात. आमच्या पानावर एवढे निश्चित दिसले, की ज्यांनी कधीच काही बघायचे नव्हते त्यांची गर्दी वाढल्याने बघणाऱ्यांची संख्या वाढली नाही. इन्स्टाग्रामवर नको असलेला फॉलोअर एकेक करून काढता येतो. मी आणि माझ्या मुलीने भाकरी थापून झाल्यावर रोज रात्री बसून, नऊ रात्रींत, ती दोन हजार नावे काढून टाकली. शिक्षा म्हणून हे काम पुतण्याला द्यायला हवे होते, पण तो परीक्षेसाठी नांदेडला होता.

खरी सुरुवात मार्च २०२२ मध्ये झाली आणि ती आम्ही ठरवून केली नव्हती. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, वाळवणावर बसून हळद वाळली की नाही हे तपासत होते. हळकुंड नीट वाळले असेल तर मोडताना त्याचा धातूसारखा टणत्कार येतो. ओल राहिली असेल तर ते नुसते वाकते किंवा मुकाट तुटते. मामा हळकुंड कानाजवळ नेऊन मोडत, ऐकत, आणि 'हं' किंवा 'अजून दोन दिस' एवढेच म्हणत. मुलीने ते वीस सेकंदांचे चित्रण केले, त्यावर कुठलेही गाणे लावले नाही, केवळ तो आवाज ठेवला. दोन आठवड्यांत ते दोन लाखांवर लोकांनी पाहिले आणि नऊशेच्या आसपास रेंगाळणारे आमचे फॉलोअर सहा हजारांपर्यंत गेले. गावात दोन-चार दिवस मामांना चहा फुकट मिळाला. एरवी, सुनेने मोबाईलपुढे उभे राहावे का, अशी कुजबुज करणाऱ्यांनी मामांच्या प्रसिद्धीनंतर तो विषय बंद केला, हा आणखी एक लाभ.

मग मी वही उघडली. त्या महिन्यात 'इन्स्टा' असे लिहिलेल्या ओळी भरल्या सतरा. दोन लाख लोकांनी आवाज ऐकला आणि सतरा जणांनी हळद घेतली. पहिल्यांदा वाईट वाटले, नंतर पानाची आकडेवारी शांतपणे पाहिली तेव्हा कारण समजले: पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण आमचे फॉलोअर नव्हतेच, त्यांतील कितीतरी महाराष्ट्राबाहेरचे होते, त्यांना मराठी येत नव्हते, आणि कैक जण तो आवाज कानाला बरा वाटतो म्हणून पुन्हा पुन्हा ऐकणारी कॉलेजची मुले होती. त्यांना हळद नको होती, टणत्कार हवा होता, आणि तो आम्ही फुकट दिला होता.

याच्या अगदी उलट गोष्ट त्याच वर्षी जुलैत घडली. पुण्याच्या एका बाईंनी आमच्या पोस्टखाली उघडपणे लिहिले, की तुमच्या हळदीला रंगच नाही, बाजारातली याहून पिवळीधमक असते. मुलीचे म्हणणे पडले की ती प्रतिक्रिया पुसून टाकावी. मी दोन दिवस काहीच केले नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाण्याचा एक ग्लास ठेवला, त्यात आमची एक चमचा हळद सोडली, न ढवळता तशीच राहू दिली आणि मोबाईल चालू ठेवून बोलत राहिले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरच्या घरी करण्याजोग्या ज्या सोप्या चाचण्या सांगितल्या आहेत त्यांतलीच ही एक आहे: निखळ हळद हळूहळू तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते, कृत्रिम रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळे होते. पावडरीची छटा जातीवर, शिजवण्यावर आणि वाळवण्यावर अवलंबून असते, आमची सेलम जातीची आहे, यंदा वाळवताना मध्येच आभाळ आल्याने दोन दिवस झाकून ठेवावी लागली, म्हणून रंग थोडा उतरला आहे, हेही मी सांगितले. कुणाच्याही मालाचे नाव घेतले नाही, उलट तुमच्या डब्यातली हळद, आणि आमचीसुद्धा, अशीच तपासून पाहा, एवढेच म्हटले.

ते चित्रण चार मिनिटांचे, कंटाळवाणे, मागे कुकरची शिट्टी वाजते आहे. सहा हजार लोकांनीही ते पाहिले नसेल. परंतु पुढच्या पाच आठवड्यांत वहीत त्रेसष्ट नव्या ओळी आल्या आणि त्यांच्या पुढच्या रकान्यात लागोपाठ लिहिलेले आहे: 'व्हॉट्सॲप, बहिणीने पाठवला', 'व्हॉट्सॲप, सोसायटीचा ग्रुप', 'आईने पाठवला', 'ग्लासवाला व्हिडिओ'. ज्या बाईंनी तक्रार केली होती त्यांनी स्वतः दोन किलो मागवली, हे सांगायला मला आजही बरे वाटते. कुणाच्याही भिंतीवर न दिसता, घराघरांतल्या बायकांच्या गटांमधून एकमेकींकडे जाणारी ही वाट मला तोपर्यंत माहीतच नव्हती, कारण तिचा आकडा कोणत्याही पानावर दिसत नाही. त्यानंतर काहीही चित्रित करताना मी हाच प्रश्न स्वतःला विचारू लागले, की हे बघून एखादी बाई आपल्या बहिणीला पाठवील का.

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी चित्रणे आम्ही तेव्हापासून नियमाने करू लागलो. हळदीत गुठळ्या का होतात, हा त्यातला एक विषय आम्हाला फार महागात पडला, कारण २०२२ च्या पावसाळ्यात आमच्याच एका खेपेतील पिशव्यांचे तोंड नीट चिकटले नव्हते आणि चाळीसेक ग्राहकांकडे गुठळ्या झालेली हळद पोहोचली. वहीत नावे होती म्हणून आम्ही प्रत्येकीला स्वतःहून फोन केला, दुसरी पिशवी पाठवली, आणि काय चुकले ते पानावरही लिहिले. टपालाचा खर्च नफा खाऊन गेला, त्याबद्दल घरात थोडी कुरबुर झाली.

एका बाबतीत मात्र मी फॉलोअर मुद्दाम घालवले आहेत. हळद म्हटली की प्रतिक्रियांमध्ये साखर, गुडघे आणि कॅन्सर हे येतातच. एका नातेवाइकाने आमच्या पानासाठी 'अमुक रोगांवर रामबाण' अशी एक पोस्ट करून दिली, ती झपाट्याने पसरू लागली आणि दिवसाला दीडदोनशे माणसे जोडली जाऊ लागली. वसमतमध्ये औषधांचे दुकान असलेल्या आमच्या एका परिचितांनी फोन करून सांगितले, की वहिनी, आधी ते काढा; रोग बरा करण्याचे असे दावे करून जाहिरात करण्याविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे आणि अन्नपदार्थांच्या जाहिरातींचेही स्वतंत्र नियम आहेत. ती पोस्ट त्याच संध्याकाळी काढली. आता कुणी विचारले तर एकच उत्तर ठरलेले आहे: आम्ही मसाला विकतो, औषध नव्हे, आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. हे उत्तर वाचून काही जण निघून जातात.

पावसाळ्यात दाखवायला हळकुंड नसते, उन्हातली वाळवणे नसतात, तेव्हा आम्ही शेत दाखवू लागलो: भरणी (रोपांच्या बुडाला मातीची भर लावणे), ठिबकच्या नळ्या, पानावर पडलेला करपा, कंदमाशी, कंदकुज. या चित्रणांनी फॉलोअर वाढले तसे दुसऱ्या कशानेच वाढले नाहीत. वर्षभरात सहा हजारांचे अकरा हजार झाले आणि वहीत त्याचा मागमूसही दिसेना. वाढलेले सगळे शेतकरी होते, हिंगोली, नांदेड, परभणीचे, काही सांगली-साताऱ्याकडचे. ते स्वतः हळद पिकवणारे, ते आमची पावडर कशाला घेतील? शिवाय त्यांचे प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचे असत. कोणते औषध किती लिटर पाण्यात, असे विचारले की मी सरळ वसमतच्या हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्राकडे किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे बोट दाखवी, कारण माझ्या अंदाजाने कुणाचा प्लॉट गेला तर ते पाप माझ्या माथी बसले असते. पुतण्याने सुचवले की शेतीची चित्रणे बंद करून पाककृती दाखवाव्यात. दोन महिने तसे केले, पण माझ्या वरणाला कुणी विचारले नाही.

वळण आले ते २०२३ च्या एप्रिलमध्ये. परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने विचारले, की वर्षभर तुमचा प्लॉट बघतो आहे, कंदकुज फार दिसली नाही, बेणे देता का? बेणे आम्ही तोपर्यंत शेजारीपाजारीच देत होतो. त्या वर्षी अकरा क्विंटल गेले, पुढच्या वर्षी त्याच्या तिप्पट, आणि घेणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने येऊन ढीग उकरून पाहिला, एकाने तर चार गड्डे कापून वास घेतला. तेव्हा त्या पाच हजार शेतकऱ्यांचा उलगडा झाला: ते चुकीचे फॉलोअर नव्हते, आम्हीच त्यांच्यापुढे चुकीची पिशवी धरली होती. वहीत आता बेण्यासाठी वेगळी पाने आहेत आणि तिथल्या 'कुठून' या रकान्यात मी 'शेत बघून' असे लिहिते.

जुन्या ग्राहकांना नव्या हंगामाची खबर देणे हे सगळ्यांत सोपे काम असेल असा माझा समज होता. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा असते, म्हणून दोन याद्या केल्या आणि चारशे जणांना निरोप धाडला. दोन बरोबरच्या खुणा आल्या साठ-पासष्ट ठिकाणी. ज्यांनी आपला नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये साठवलेला असतो त्यांनाच असा निरोप मिळतो, हे त्या दिवशी समजले. आता प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते: 'हा नंबर "हळदवाल्या काकू" नावाने सेव्ह करा, नवी हळद दळली की कळवू.' नाव मुद्दाम असे दिले, कारण कंपनीसारखे नाव कुणी साठवून ठेवत नाही. पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट पाठवणारेही दोन भेटले. तेव्हापासून खात्यावर रक्कम दिसल्याशिवाय पिशवीवर पत्ता लिहायचा नाही, असा नियम आहे.

अलीकडे 'ही सांगलीची हळद आहे का?' हा प्रश्न कमी झाला आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते, २०२४ मध्ये ते वसमत हळदीलाही मिळाले, आणि त्या वेळी आमच्या पानावर अभिनंदनाचा पाऊस पडला. मानांकनाचे चिन्ह मात्र आम्ही अजून पिशवीवर घातलेले नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि आमचे कागद सध्या त्या वाटेवर आहेत. चिन्ह का नाही, असे विचारणाऱ्यांना मी हेच उत्तर देते, आणि तेही चित्रणातच.

यंदाच्या मार्चमध्ये मुलीने मामांना पुन्हा वाळवणावर बसवले. लोक अजून तो आवाज मागतात. मामांनी सात-आठ हळकुंडे मोडली आणि मग हात झटकून म्हणाले, "रोज धा-धा हळकुंडं मोडलालाव आपण. चुऱ्याला भाव कोण देनार?" त्यावर तोडगा असा निघाला, की चित्रणासाठी मोडलेली हळकुंडे एका डब्यात वेगळी ठेवायची आणि ती घरच्या वापरासाठी दळायची. हंगाम संपेपर्यंत त्या डब्यात दोन किलो तुकडे जमले, आणि गेले दोन महिने आमच्या घरी त्याचीच हळद चालू आहे.